शकुनकाकू आणि पहिल्या मजल्यावरचा चष्मा

शकुन मोघे ही बाई संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकते. कुरिअरवाल्याने ओटीपी विचारला की काकू त्याचं ओळखपत्र मागतात. बँकेतून फोन आला की "आधी तुमच्या मॅनेजरचं नाव सांगा" म्हणतात आणि नाव सांगितलं तरी फोन ठेवून देतात. वय एकाहत्तर. कोलकात्यात दमदमच्या आमच्या इमारतीत त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि मी चौथ्यावर. तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी मी पुण्याहून इथे आले, तेव्हा दारावरची 'केतकी आपटे' ही पाटी वाचून त्या पहिल्याच दिवशी वर आल्या होत्या. स्वागताला नव्हे, तर मी खरंच मराठी आहे का ते बघायला. "आपटे कुठले?" पासून सुरुवात झाली आणि अर्ध्या तासाने मी पास झाले.

त्यांचे यजमान जयप्रकाशकाका केंद्र सरकारच्या भूगर्भ खात्यात होते. नागपूर, हैदराबाद, शिलाँग अशा बदल्या करत शेवटी कोलकात्याला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. बैठकीच्या खोलीत काचेचं कपाट आहे, त्यात देशभरातून उचलून आणलेले दगड आहेत आणि प्रत्येकाला काकांच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली आहे. मुलगा मंदार पुण्याला असतो.

आता एवढी संशयी बाई एका बाबतीत मात्र अगदी मोकळी होती. घराबाहेर पडली की ती मराठीत वाट्टेल ते, वाट्टेल तेवढ्या मोठ्याने बोलायची. आम्हा इथल्या मराठी लोकांची ही जुनीच खोड. एस्प्लनेडच्या साडीच्या दुकानात काकू हसतमुखाने पदर चाचपत मला म्हणायच्या, "पहिल्या धुण्यात रंग जाणार हिचा. तोंड वाकडं करू नकोस, नंतर येतो म्हण आणि ऊठ." दुकानदारही हसायचा. मेट्रोत म्हणायच्या, "डावीकडच्या बाईचं तुझ्या पर्सकडे लक्ष आहे." ती बाई खिडकीबाहेर बघत असायची. घरात जे आपण दार लावून बोलतो ते इथे भर रस्त्यात बोलता येतं, ही चैन मला पुण्यात कधी मिळाली नव्हती. दोन महिन्यांत मीही तयार झाले.

आमच्या कमिटीचा सेक्रेटरी अनीश सान्याल पहिल्या मजल्यावर राहतो, म्हणजे बंगाली हिशेबाने दोतल्यावर. पस्तीस-छत्तीसचा, गोल चेहऱ्याचा, अतिशय सज्जन आणि अतिशय कंटाळवाणा माणूस. मी त्याचं नाव भोपळा ठेवलं होतं. लिफ्टचं दार उघडून तो आत आला की त्याच्याकडे बघून गोड हसत मी काकूंना म्हणायचे, "आला भोपळा. आता तळमजला येईपर्यंत पाण्याच्या टाकीवर प्रवचन." अनीशही हसायचा. हे पुढे मला महागात पडणार होतं.

दोन वर्षांपूर्वी काका विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग गॅस, मग माणसं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि बजावलं, की ओळखीची जागा सोडू नका, जागा बदलली की हा आजार पटकन वाढतो. काकूंनी हे वाक्य गाठीला बांधलं. कारण तिकडे मंदारने पुण्याजवळच्या ज्येष्ठांच्या एका वसाहतीत घर बघून ठेवलं होतं आणि बाबांचं जरा काही वेगळं वाटलं की दोघांना घेऊन जाणार असं तो दर रविवारी म्हणत होता. फ्लॅटवर त्याचं नाव असल्याने तो इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही होता. इथे एकाला कळलं की पुण्याला कळलंच. काकू मला म्हणाल्या, "घर सुटलं तर हे सुटतील, केतकी. पायांना इथला रस्ता पाठ आहे यांच्या. रोज सकाळी एकटे बाजारात जातात, चहा पितात, मेट्रो स्टेशनपर्यंत जाऊन साडेसातला दारात. तिकडे कुठे जातील?"

म्हणून काकूंनी लपवायचं ठरवलं, आणि लपवलं ते भर लिफ्टमध्ये, सगळ्यांच्या देखत, मराठीत.

"अहो, समोर अनीश आहे. पहिला मजला. मुलगी गाणं शिकते. हसा."

काका लगेच फुलायचे आणि अस्खलित बंगालीत विचारायचे, "काय अनीश, मुलीचं गाणं कसं चाललंय?" बंगाली ते अजिबात विसरले नव्हते. अनीशला एवढंच ऐकू यायचं की म्हातारी म्हाताऱ्याशी आपल्या भाषेत प्रेमाने काहीतरी बोलली आणि त्यात आपलं नाव आलं. माणूस खूश व्हायचा. नाटकातल्या प्रॉम्प्टरसारख्या काकू सतत काकांच्या उजव्या खांद्यामागे असायच्या. रविवारी मंदारचा व्हिडिओ कॉल आला की मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून त्या मोबाइलच्या मागे उभ्या राहायच्या आणि तिथून हातवारे करायच्या, कारण मंदारला मराठी कळत होतं. मला हसू यायचं आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

या वर्षी, थंडी सरता सरता, अनीशच्या नाकावर नवा चष्मा आला. जाड काळ्या काड्यांचा.

"याच्या चष्म्यात काहीतरी आहे," काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या. मी नीट बघितलं तर खरंच होतं. कोपऱ्यात कॅमेऱ्याचं बारीक भोक होतं. झालं. पुढच्या मीटिंगला काकूंनी विषय काढला, की जिन्यात, लिफ्टमध्ये आणि गच्चीवर हा चष्मा चालणार नाही.

त्या मीटिंगमध्ये मी लोकांचे जेवढे प्रकार पाहिले तेवढे ऑफिसातही पाहिले नव्हते. एकजण म्हणाला, गेटवर कॅमेरा आहे, लिफ्टमध्ये आहे, एक चष्म्यातला वाढला तर काय बिघडलं. तळमजल्याच्या रजनीदी म्हणाल्या, गेटवरचा कॅमेरा जागेवर असतो, हा मागे मागे येतो. माझ्या मुली गच्चीवर कपडे वाळत घालतात. एका आजोबांना त्याची किंमत जाणून घ्यायची होती. अनीश लालबुंद झाला. त्याने चष्मा काढून सगळ्यांना दाखवला, फोटो काढला की कडेला पांढरा दिवा लागतो तेही दाखवलं, आणि मी इमारतीत कधीही फोटो काढणार नाही असं आईची शपथ घेऊन सांगितलं. मग चष्मा नसला तर काय बिघडेल, असं काकूंनी विचारलं. त्याने बायकोकडे, नूपुरकडे, बघितलं आणि नंबराचा आहे, एवढंच म्हणाला.

काकूंनी मला विचारलं. मी सॉफ्टवेअरवाली, या विषयातली शहाणी. मी म्हटलं, "काकू, दिवा लागला नाही म्हणजे शूटिंग नाही. उगाच डोक्याला त्रास करून घेऊ नका." यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी माझ्या आयुष्यात मी दिलेला हा सगळ्यात वाईट सल्ला ठरला.

काकूंचा संशय काही गेला नाही. त्या दिव्यावर लक्ष ठेवायला लागल्या. मेट्रोत जाड काड्या दिसल्या की छत्री उघडायच्या. एकदा एका गृहस्थाला त्यांनी दोन स्टेशनं छत्रीआड ठेवलं आणि उतरताना तो बिचारा म्हणाला की हा त्याच्या वडिलांचा जुना चष्मा आहे. काकूंचा त्यावरही विश्वास बसला नाही. पण लिफ्टमध्ये दिवा कधीच लागला नाही, आणि काकू बोलत राहिल्या. "अहो, अनीश. पहिला मजला. हसा."

उन्हाळ्यात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. इमारतीतले लोक काकांना, म्हणजे त्यांच्या मेशोमशायांना, भेटले की आधी आपलं नाव आणि ओळख सांगायला लागले. "मेशोमशाय, आमि रजनी, एकतलार." "मेशोमशाय, आमि नूपुर, अनीशेर बोउ." काकूंना तोंड उघडायला वेळच मिळेना.

"हे लोक हल्ली नावं का सांगत सुटलेत?" काकूंनी मला विचारलं. "वीस वर्षांच्या ओळखी आहेत."

मी म्हटलं, "मोठ्या माणसांशी बोलायची पद्धत असेल काहीतरी."

"पद्धत नाही. टिंगल आहे. नाहीतर काहीतरी शिजतंय."

पूजेच्या आधी एके दिवशी त्या तरातरा वर आल्या. बसमध्ये दोन कॉलेजच्या मुली बोलत होत्या, की आता चष्मे नुसते फोटो काढत नाहीत, समोरचा कुठल्याही भाषेत बोलो, चष्म्याच्या काचेवर आपल्या भाषेत उमटतं. काकूंचा चेहरा उतरला होता. मी हसले. म्हटलं, "इंग्रजी, फ्रेंच, जपानी असेल. कोलकात्यात चष्मा विकणाऱ्याने मराठी कशाला घातली असेल त्यात?"

काकू म्हणाल्या, "तू मागेही असंच सांगितलं होतंस."

दुर्गापूजेनंतर आमच्या अंगणात बिजोयाचा, म्हणजे विजयादशमीचा, मेळावा असतो. खुर्च्या मांडतात, नारळाचे लाडू, निमकी, घुगनी असते आणि सगळे लहानथोर इमारतीतल्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात. जयप्रकाशकाका सगळ्यांत मोठे, म्हणून पहिली रांग त्यांच्यासमोर. काका प्रत्येकाला नावाने आशीर्वाद देतात, ही त्यांची कीर्ती. आदल्या वर्षी काकूंनी खांद्यामागे उभं राहून पन्नास नावं पुरवली होती आणि कोणाला पत्ता लागला नव्हता.

या वर्षी काकांना नवा कुर्ता घालून खुर्चीत बसवलं. काकू जागेवर उभ्या राहिल्या. मी शेजारी होते. रांगेत पाचव्या नंबरवर अनीश होता आणि त्याच्या नाकावर चष्मा होता. काकूंनी ओठ घट्ट मिटले. काका समोरच्या पहिल्या बाईकडे बघून नुसते हसत होते आणि वाट बघत होते.

"मेशोमशाय, आमि रजनी, एकतलार," रजनीदी वाकून म्हणाल्या. काका म्हणाले, "रजनी, सुखी राहा." पुढच्याने नाव सांगितलं. त्याच्या पुढच्याने सांगितलं. कोणी अडखळलं नाही, कोणी एकमेकांकडे बघितलं नाही. शाळेतल्या हजेरीसारखं चाललं होतं.

काकांनी मान वळवली आणि खणखणीत मराठीत विचारलं, "शकुन, यांना सगळ्यांना झालंय काय? स्वतःची नावं विसरायला लागलेत का?"

मला हसूही आलं आणि रडूही. काकूंना दोन्हीपैकी काही आलं नाही. त्या रांगेकडे एकटक बघत होत्या. अनीश पुढे आला, वाकला, नाव सांगून उभा राहिला. काकू त्याच्याकडे न बघता, काकांच्या कुर्त्याची घडी नीट करत, अगदी सहज म्हणाल्या, "अहो, या अनीशच्या शर्टाला मागून केवढा हळदीचा डाग पडलाय बघा."

अनीशचा हात पाठीवर गेला.

गेला आणि तिथेच थांबला. शर्ट मागून स्वच्छ पांढरा होता. आपण काय केलं हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा पडला.  पंधरा मिनिटं काकू उभ्या राहिल्या, रांग संपू दिली, काकांना लाडू भरवला आणि मग हिंदीत त्याला म्हणाल्या, "वर ये. बायकोला घेऊन ये."

वर दगडांच्या कपाटासमोर अनीश उभा राहिला. मान ठेवायचा म्हणून त्याने चष्मा काढून हातात घेतला. काकू पाच मिनिटं त्याला बोलत होत्या. लाज नाही का वाटली, किती दिवस ऐकतोयस, काय काय ऐकलंस. तो नुसता त्यांच्या ओठांकडे बघत होता. शेवटी नूपुर काकूंना म्हणाली, "माशिमा, चष्मा काढला की त्याला फारसं ऐकू येत नाही. उजवा कान गेलाय, डावाही चाललाय. औषध कंपनीत सेल्समध्ये आहे, तिथे कोणाला सांगितलं नाही. बोललेलं काचेवर लिहून येतं, ते वाचून चालवतो. मराठीचं आम्ही मुद्दाम काही केलं नव्हतं. आपोआप बंगालीत येत होतं."

अनीशने चष्मा घातला. म्हणाला, "पहिल्या दिवशी लिहून आलं, 'समोर अनीश आहे, हसा.' मला वाटलं यंत्र चुकलंय. चार दिवसांनी कळलं."

"कळल्यावर सांगायचं होतंस," काकू म्हणाल्या. "दार उघडं दिसलं म्हणून कोणी आत येऊन बसत नाही."

"काय सांगणार होतो, माशिमा? की तुमचं बोलणं वाचतो? मग माझा कानही सांगावा लागला असता."

"म्हणून माझं सगळ्यांना सांगितलंस."

 मग नूपुरने फोन पुढे केला. व्हॉट्सॲपवर एक ग्रुप होता, 'मेशोमशाय' नावाचा. इमारतीतली सगळी घरं त्यात होती. मंदार नव्हता, काकू नव्हत्या, मीही नव्हते. तेवढ्यातही मला राग आला की मला का नाही घेतलं, आणि मग भोपळा आठवला.

काकूंनी आपला वाचायचा चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. इतकी वर्षं इथे राहून त्या बंगाली वृत्तपत्र वाचतात. 'मेशो चहाच्या दुकानात. ठीक.' 'मेशो स्टेशनहून परत फिरले. ठीक.'  आपल्या नवऱ्याच्या मागे आठ महिने सगळी इमारत डोळे लावून होती आणि आपण जिन्यात सगळ्यांशी हसत होतो, हे त्यांना सहन होत नव्हतं. मलाही झालं नसतं. मग त्यांचं बोट एका जागी थांबलं.

जूनमधला मेसेज होता. 'मेशो नागेरबाजारच्या बसमध्ये चढले होते. उतरवून आणलं. कुठे जायचंय विचारलं तर शिलाँग म्हणाले. गेटपर्यंत सोडलं. माशिमांना कळू दिलं नाही.' ऑगस्टमध्ये पुन्हा. 'स्टेशनच्या पायऱ्यांवर बसले होते. घर आठवत नव्हतं.' पूजेच्या आठवड्यात तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा कोणीतरी त्यांना गेटपर्यंत आणलं होतं आणि आत एकटं सोडलं होतं. साडेसातला दारात बेल वाजली होती, काकूंनी दार उघडलं होतं, आणि पायांना रस्ता पाठ आहे असं मला अभिमानाने सांगितलं होतं.

काकू खाली बसल्या. काका आतल्या खोलीत पंख्याखाली झोपले होते.  मग काकूंनी विचारलं, "मंदारला?"

"नाही," नूपुर म्हणाली. "कोणीच नाही सांगितलं."

"शपथ?"

"शपथ."

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि खालच्या आवाजात मराठीत म्हणाल्या, "खरं बोलतेय का गं ही?" मग एकदम गप्प झाल्या, कारण समोर अनीश बसला होता आणि त्याची नजर काचेवर वाचत डावीकडून उजवीकडे सरकली.

त्या दोघांना मग काकूंनी चहा न देता पाठवलं. त्या घरातून चहाशिवाय गेलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मीही निघाले. दाराशी काकू म्हणाल्या, "तो चोरून वाचत होता म्हणून हे आज घरात आहेत. हे माझ्या घशाखाली उतरत नाही, केतकी. आभार मानायला जावं तर संताप येतो आणि संतापावं तर हे बसमध्ये बसलेले दिसतात."  दोनदा सल्ला देऊन माझी हौस भागली होती.

रविवारी मंदारचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. काकूंनी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवला आणि या वेळी मागे न जाता काकांच्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "मंदार, मी तुझ्याशी दोन वर्षं खोटं वागले. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून ऐक." तो डिसेंबरात येणार आहे. काय ठरेल ते ठाऊक नाही. काकूंनी जागा न बदलण्याबद्दलची डॉक्टरांची चिठ्ठी फाइलला लावून ठेवली आहे आणि सकाळच्या फेरीला आता काकांबरोबर त्याही जातात.

आम्ही दोघी मात्र बदललो. साडीच्या दुकानात काकू आता आधी सगळ्यांच्या नाकांकडे बघतात. मेट्रोत आम्ही गप्प बसतो. मराठीत कुजबुजायची वेळ आमच्यावर कोलकात्यात आली, याचं मला खरंच वाईट वाटतं. अनीशला मी भेटले, माफी मागितली. तो म्हणाला, "भोपळ्याची भाजी मला आवडते." 

गेल्या मंगळवारी सकाळी लिफ्टमध्ये आम्ही चौघं होतो. काका, काकू, मी आणि पहिल्या मजल्यावर आत आलेला अनीश.  काकूंनी त्याच्याकडे वळून सरळ त्याच्या काचेत बघितलं आणि एकेक शब्द सुटा करत, मराठीत म्हणाल्या, "अनीश. वाच. पुढच्या वेळी हे हरवले, तर आधी मला सांगायचं. गेटवर सोडून जायचं नाही. मला सांगायचं."

त्याला वाचायला क्षणभर लागला. मग त्याने मान हलवली. "हो, माशिमा."

काकांनी त्याच्याकडे बघितलं, मग काकूंकडे बघितलं. "हा कोण गं?"

"अनीश," काकू म्हणाल्या. "याला मराठी कळतं. जपून बोला."